पवर्गातलं शेवटचं अक्षर

"लिव्ह की रं आता. तांदूळ काय पळून चाललेत व्हय?" आत्या म्हणाली.

तांदूळ कुठंही चालले नव्हते. पितळी ताटात पसरून ते माझी वाट बघत होते. माझ्या चिमटीत सोन्याची अंगठी होती, शेजारच्या पाटावर तासाभरापूर्वी माप ओलांडून आलेली माझी बायको बसली होती, आणि भोवती मिरजेतल्या आमच्या दोन खोल्यांत मावतील तेवढ्या आणि न मावणाऱ्याही बायका उभ्या होत्या. अंगठीनं तांदळात नव्या सुनेचं नवं नाव लिहायचं, ते मोठ्यानं वाचायचं, पेढे वाटायचे आणि तिथून पुढं माहेरचं नाव माहेरी, अशी आमच्याकडची रीत. चौऱ्याऐंशी सालचा वैशाख होता. माझं वय सत्तावीस, डोक्यावर टोपी, गळ्यात सुकलेला हार आणि चेहऱ्यावर फार मोठी अक्कल लढवल्याचं समाधान.

मी लिहिलं. रत्ना.

"रत्‌ना," आत्यानं अक्षर अक्षर लावत वाचलं आणि पेढ्यांच्या बॉक्सची दोरी सोडायला घेतली.

तेवढ्यात शेजारच्या पाटावरून, मुंडावळ्यांच्या आडून, मला एकट्यालाच ऐकू येईल असा आवाज आला. "तुम्ही शब्द दिला होता."

दिला होता, खरंच दिला होता. पण शब्द हीच माझी जन्माची अडचण आहे, हे तिला कुठं माहीत होतं?

सांगून टाकतो. मला 'म' येत नाही. लिहिता येतो, वाचता येतो, शब्दाच्या पोटात असला तर बोलताही येतो. पण शब्दाच्या दारात म उभा असला की माझे ओठ मिटतात ते उघडतच नाहीत. लहानपणापासून हे असंच. आता देवानं एवढी एक खोड दिली तर निदान माणूस तरी बघून द्यावी. माझं आडनाव मगदूम, गाव मिरज, आणि आईवडील लवकर गेल्यामुळं मला सांभाळलं ते मामांनी.

त्यामुळं मी जन्मभर आडवाटेनं बोलत आलो. मामांना मी तात्या म्हणतो आणि मामीला आत्या, त्यांना तो आदर वाटतो. गाव विचारलं तर 'जंक्शन' म्हणतो. जेवताना मीठ हवं असलं तर 'जरा आळणी लागतंय' असं पुटपुटतो, की आत्या मिठाचा सट घेऊन धावत येते. मंगळवारला सोमवारचा दुसरा दिवस म्हणतो. सगळ्यात अवघड होतं ते 'मी'. मराठी माणसाला मी म्हटल्याशिवाय सकाळचा चहासुद्धा मागता येत नाही. मी त्यावर 'आम्ही' काढलं. आम्ही चहा घेऊ, आम्हाला बरं वाटत नाही, आमची सायकल पंक्चर आहे. पाटबंधारे खात्यात मी ट्रेसर होतो, तिथं या आम्हीपायी मला सगळे 'सरकार' म्हणत. साडेचारशे रुपड्यांचा सरकार, तोही दुसऱ्यानं काढलेल्या कालव्यांच्या रेघा शाईनं गिरवणारा. या गोष्टीत मी, मला, माझं जरा जास्तच येतंय ना? कागदावर फुकट मिळतंय, म्हणून हात सैल सोडलाय.

तर लग्न ठरवताना तात्यांनी पोरीकडच्यांना सांगितलं, "पोरगा मितभाषी आहे." तोंडातून शब्द निघत नाही, याला एवढा सुंदर शब्द आहे हे मला तेव्हाच कळलं. अर्थात तोही मला म्हणता येत नव्हता.

पोरगी विट्याची. तिथं बालवाडीत शिकवायची. पोहे झाले, चहा झाला आणि मोठ्या माणसांनी आम्हाला पाच मिनिटं पडवीत सोडलं. तिनं इकडचं तिकडचं काही विचारलं नाही.

"तुमच्यात मुलीचं नाव बदलायची पद्धत आहे का?"

"आहे."

"तुम्ही बदलणार?"

"नाही."

नाही म्हणायला मला कधीच त्रास नव्हता. तिचा चेहरा एवढा उजळला की त्या एका शब्दावर मी पास झालो. जाताना तात्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय रं, पसंत?" तर मी म्हणालो, "आम्हाला पसंत आहे." आम्हाला म्हटल्यामुळं तात्या, आत्या, सगळेच त्यात आले आणि लग्न पक्कं झालं.

तिचं नाव मी तोवर फक्त चिठ्ठीवर वाचलं होतं. माणिक. परतीच्या एस्टीत, गंमत म्हणून, स्वतःशीच म्हणून बघावं असं वाटलं. विटा सुटल्यापासून तासगाव येईपर्यंत मी म्हणत होतो. ओठ घट्ट मिटलेले, गाल फुगलेले, कपाळावर घाम. शेजारचा माणूस माझ्याकडं बघून घाईघाईनं उठला आणि म्हणाला, "पावणं, तुम्ही खिडकीला बसा. ओकारी येतीया तर भाईर तोंड काढा." मी खिडकीला बसलो. तासगावातही नाव आलं नाही आणि सांगलीतही आलं नाही.

मग मी पत्रं लिहिली. पत्रात काही अडत नव्हतं. प्रिय माणिक, कशी आहेस माणिक, तुझं नाव किती छान आहे माणिक. आणि रात्रंदिवस घोर हाच, की उद्या ही घरात आली, की हाक कशी मारायची? जन्मभर 'अगं' म्हणून भागेल, पण चारचौघांत उखाणा? सासुरवाडीत कुणी 'माणिक कुठाय' म्हणून विचारलं, तर? विट्याचं सगळं गाव म्हणेल, मितभाषी कसला, तोतरा दिला पोरीला. या विचारानं मला अन्न गोड लागेना.

शेवटी मला सुचलं. जन्मभर मी अडलेल्या शब्दाला त्याच अर्थाचा दुसरा शब्द काढत आलो होतो. काडेपेटी होती म्हणून माचिस लागली नाही, तिखट होतं म्हणून मिरची लागली नाही. माणिक म्हणजे काय? एक रत्न. आमच्यात नाव बदलतातच. कुणाला काही सांगायला नको, कुणी काही विचारणार नाही. मी आत्याला गुपचूप सांगितलं, ताटात 'रत्ना' लिहिणार. आत्या म्हणाली, "झ्याक हाय." माणिकला दिलेल्या शब्दाचं काय, हा प्रश्न मला पडला होता. पण म अडला की मला दुसरं काही दिसत नाही, हेही तितकंच खरं.

एवढं सगळं माझ्या डोक्यात घोळत असताना इकडं ताटासमोर माणिक मुंडावळ्यांतून माझ्याकडं बघत होती. मी काहीतरी बोलणार, म्हणजे बोलल्यासारखं करणार, तोच दारातून आमच्या ऑफिसातला खोत डोकावला. तोंडात चिवडा, हातात प्लेट.

"सरकार," तो आनंदानं म्हणाला, "रत्ना? आपली टायपिस्ट रत्ना?"

आत्याचा पेढ्याचा हात हवेतच राहिला. कुणीतरी बाई 'अगंबाई' म्हणाली. मी देवाशपथ सांगतो, त्या रत्नाबाईंचा मला विचारसुद्धा शिवला नव्हता. त्या दोन मुलांच्या आई होत्या आणि टाइप करायला दिलेल्या कागदावर शाईचा डाग पडला की माझ्यावर खेकसायच्या. पण ते सांगायचं तर सुरुवात 'आमचं आणि त्यांचं' अशी करावी लागली असती, आणि ते ऐकून घोळ आणखीच वाढला असता.

माणिकनं ताटावर तळवा ठेवला आणि एकदाच इकडून तिकडं फिरवला. रत्ना पुसली गेली.

"मला पाणी प्यायचंय," ती म्हणाली. "परसात."

"आतल्या माठात हाय की थंडगार," आत्या म्हणाली.

"मला हौदावरचं पाहिजे."

ती उठली. तिच्या शालूला माझ्या उपरण्याची गाठ अजून तशीच होती, त्यामुळं मलाही उठावं लागलं. सगळ्या बायकांमधून मी तिच्या मागं ओढला जात परसात पोचलो. नवरा बायकोच्या मागं कसा जातो हे त्या दिवशी मिरजेत पन्नास जणांनी पाहिलं.

परसात हौद होता, हौदाच्या वर नळ होता, आणि नळाखाली एक बादली. नळाला धार अगदी बारीक होती. माणिक वळली.

"रत्ना कोण?"

"कुणी नाही."

"कुणी नाही, तिचं नाव मला?"

"तसं नव्हे. आम्हाला..."

"आम्हाला म्हणजे कुणाला? किती जण आहात तुम्ही?"

मी एकटाच होतो.

"पत्रात एकोणीस वेळा माणिक लिहिलंत," ती म्हणाली. "मी मोजलंय. तेव्हा आवडत होतं?"

"होतं. आवडतं. खूप आवडतं."

"मग?"

तिनं घराकडं बोट दाखवलं. "दादा अजून बाहेर जीपपाशी उभा आहे. विट्याला जायला दोन तास लागतात. पुढं काय होईल ते मला सुचत नाही, लोक काय म्हणतील तेही कळतंय. पण पडवीत तोंडावर 'नाही' म्हणून घरात आणल्यावर बदलणाऱ्याच्या घरी मी रत्ना होऊन राहणार नाही. काय ते खरं सांगा."

खरं सांगायला माझी तयारी होती. अडचण अशी होती, की ते खरं म्हणजे 'मला म म्हणता येत नाही' एवढंच होतं. तुम्हीच बघा. या वाक्यात पहिला शब्द म, दुसरा म, तिसरा म. माझ्या अख्ख्या जन्माची कबुली, आणि देवानं ती नेमकी त्याच अक्षरात लिहून ठेवलेली. मी मनातल्या मनात तिला आडवाट शोधू लागलो. मिठाला आळणी होतं, मिरजेला जंक्शन होतं. पण म ला दुसरा शब्द काय? म म्हणजे फक्त म.

आणि तेवढ्या घाईत शाळेतलं व्याकरण माझ्या मदतीला आलं.

"पवर्गातलं शेवटचं अक्षर," मी म्हणालो. "ते जिभेवर येत नाही."

ती बघत राहिली. तिला वाटलं असणार, उन्हानं डोकं फिरलं. पण बालवाडीच्या बाई होत्या त्या. तिनं मेंदीचा हात वर धरला आणि अंगठ्यापासून एकेक बोट मोजायला सुरुवात केली.

"प. फ. ब. भ." करंगळीपाशी ती थांबली. "म?"

मी मान हलवली.

"म म्हणता येत नाही?"

मी पुन्हा मान हलवली.

"म्हणजे माणिक म्हणता येत नाही." तिच्या डोळ्यांत एकेक दिवा लागत गेला. "म्हणून आम्ही. म्हणून ते आम्हाला पसंत आहे. आणि म्हणून रत्ना?"

आता इथं शहाण्या माणसानं खाली मान घालून क्षमा मागितली असती. मी मात्र इतकी वर्षं जपलेली कला कुणाच्या तरी लक्षात आली, या आनंदात होतो.

"अर्थ तोच आहे," मी सांगितलं.

"अर्थाला कोण हाक मारतंय?" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते रागाचं होतं. "तुमचं एक अक्षर अडतं, म्हणून माझी तिन्ही पुसायची?"

तिनं हौदाच्या कठड्यावर बसून पदरानं डोळे पुसले. गाठ असल्यामुळं मलाही शेजारी बसावं लागलं.

"माझी थोरली बहीण कुसुम," ती म्हणाली. "तिचं लग्न झालं, त्यांनी तिचं शैलजा केलं. आमच्याकडं कुणाला काही वाटलं नाही, सगळ्यांचंच करतात. दोन वर्षांनी ती बाळंतपणाला आली. अंगणात पाठमोरी बसून शेंगा फोडत होती. आईनं सोप्यातून हाक मारली, कुसुम. ती वळली नाही. परत मारली. तिसऱ्यांदा मारली. ऐकू येत होतं तिला, पण ते आपल्याला नाही असंच तिला वाटलं. आईनं मग शैलजा म्हटलं, तेव्हा ताई वळली. त्या दिवशी आई जेवली नाही."

मला माझी फार लाज वाटली. जन्मभर मी माझ्याच तोंडाची काळजी वाहिली होती. ज्याला हाक मारायची त्यालाही कान असतात, हे मला सत्तावीस वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं.

"म्हणून बघा," ती म्हणाली.

"आत्ता?"

"आत्ता. मी हसणार नाही."

मी ओठ मिटले. नळाची धार बादलीत पडत होती. म्‌, म्‌, म्‌. गाल फुगले, मान ताठ झाली, डोळे बाहेर आले असतील. आजवर मी असा अडलो, की समोरचा माणूस माझा शब्द पुरा करायचा. मास्तर करायचे, वाणी करायचा, तात्या करायचे. कुणी दया म्हणून, कुणी कंटाळून. ती काही बोलली नाही. बादली भरली, भरून वाहायला लागली, तरी ती माझ्या तोंडाकडं शांतपणे बघत बसून राहिली. नाव काही आलं नाही. पण माझा शब्द कुणीतरी माझ्यापाशीच राहू दिला, हे त्या दिवशी पहिल्यांदा घडलं आणि माझे डोळे भरून आले.

"राहू द्या," ती शेवटी म्हणाली. "आमच्या वर्गात शेवंता म्हणून एक पोरगी आहे. पाणी मागायचं तर पा पा करत बसते. पण कविता म्हणायला उभी केली की धाडधाड म्हणते. चालीवर काही अडत नाही तिचं. तुम्ही कधी गाऊन बघितलंय?"

"नाही."

"ऑफिसात काय करता तुम्ही?"

"कालव्यांचे नकाशे गिरवतो."

"टेकडी आडवी आली की कालवा काय करतो?"

"वळून जातो."

"झालं की. उखाणा घ्या."

तिनं बादली नळाखालून काढून पालथी घातली आणि तिच्यावर बोटांनी ठेका धरला. हिरव्या बांगड्या वाजायला लागल्या. दोन ओळी जुळवायला आम्हाला पाच मिनिटं लागली. पहिली माझी, दुसरी तिची. मी डोळे मिटले आणि पाढे म्हणावेत तसं म्हणालो,

"टेकडी आली आडवी, तर पाणी जातं वळून,
नाव घेतो माणिकचं, साऱ्यांना जाऊ दे कळून."

मी डोळे उघडले. नाव येऊन गेलं होतं. घेतो म्हणता म्हणता पुढच्या शब्दावर मी असा घसरलो, की म कधी ओलांडला ते मलाच समजलं नाही.

"परत," ती म्हणाली.

परत आलं. तिसऱ्यांदाही आलं. मी लहान पोरासारखा चौथ्यांदा सुरू करणार होतो, तेवढ्यात घरातून आत्याचा आवाज आला, "पानी पिऊन झालं न्हाई व्हय गं अजून? का हौद संपवताय दोघं मिळून?"

आम्ही आत गेलो. पुन्हा त्याच पाटांवर बसलो. माणिकनं ताटातले तांदूळ सारखे केले आणि बायकांना म्हणाली, "हे आधी उखाणा घेणार आहेत. मग नाव लिहिणार."

"दिनकर उखाणा घेणार?" आत्याचा चेहरा पांढरा पडला. तिला आणि तात्यांना सगळं ठाऊक होतं. दाराजवळ उभे असलेले तात्या तर टोपी काढून बाहेरच निघाले. आपण मितभाषी म्हणून खपवलेला माल आता सगळ्यांसमोर उघडा पडणार, हे बघायला ते थांबणार नव्हते.

माणिकची बोटं ताटाच्या काठावर वाजू लागली. मी सुरू केलं. आवाज गरजेपेक्षा तिप्पट मोठा लागला आणि चाल उखाण्याची कमी, पसायदानाची जास्त झाली. टेकडी आली. पाणी वळलं. नाव घेतो, आणि मग सगळ्या बायकांसमोर, खोतासमोर, आत्यासमोर, माणिक. अडलं नाही.

बायका हसल्या, टाळ्या वाजल्या. मी अंगठीनं तांदळात लिहिलं. माणिक.

"आन्‌ रत्ना कुठं गेली?" आत्यानं विचारलं.

"ती कुणी नव्हतीच," माणिक म्हणाली आणि स्वतःच बॉक्समधला पेढा काढून आत्याच्या तोंडात घातला.

खोत तेवढ्यात म्हणाला, "सरकार, हे तर जुनंच नाव झालं की." पण त्यालाही पेढा मिळाला. बाहेर गेलेले तात्या दारात परत आले होते. वीस वर्षांत माझ्या तोंडून सुरुवातीचा म त्यांनी ऐकला नव्हता. ते टोपीनं तोंड पुसत राहिले. आता त्यांना मामा म्हणायला हवं, असं मला फार वाटलं. पण त्यासाठी उखाणा कुणी जुळवला नव्हता.

त्याला आता चाळीस वर्षं होत आली. मी बरा झालो वगैरे काही नाही. म आजही तिथंच दारात उभा आहे. मीठ अजून आळणी लागतं, मी अजून आम्ही आहे. फक्त तिला हाक मारायची तर दोन ओळी जुळवतो. 'चष्मा नाही टीव्हीवर, चष्मा नाही खिशात, सांग आता माणिक, ठेवलास कुठल्या कपाटात.' शेजाऱ्यांना वाटतं या वयात किती प्रेम उतू चाललंय. दूध उतू चाललं तरी मला दोन ओळीच लागतात, आणि यमक जुळेपर्यंत पातेल्यात काही उरत नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. आम्ही दोघं आठवड्याच्या बाजारात गेलो होतो. मी दोन पिशव्या घेऊन रस्त्याच्या अलीकडं उभा होतो, ती पलीकडं कोथिंबिरीच्या जुड्या पारखत होती. तिच्या मागं बेदाण्याच्या पेट्या भरलेला एक टेम्पो उभा होता. तो मागं यायला लागला. पेट्या एवढ्या उंच रचलेल्या, की ड्रायव्हरला मागचं काही दिसत नसणार. तिची पाठ टेम्पोकडं होती. कोथिंबीर निवडताना तिला जग दिसत नाही.

मला ओरडायचं होतं, माणिक. आलं नाही. मला ओरडायचं होतं, मागं बघ. तेही म. माझे ओठ मिटले आणि टेम्पो दोन हातांवर आला. सरक, बाजूला हो, पळ, या तिन्हींत म नाही, हे मला सुचलं घरी आल्यावर. जन्मभर आडवाटा काढण्यात हयात घालवलेल्या माणसाला ऐन वेळी एक आडवाट सापडू नये, यावरून माझी अक्कल ओळखा. आणि त्या भरल्या बाजारात मी चालीवर बोंबललो,

"टेकडी आली आडवी!"

भाजीवाले बघायला लागले. एक म्हातारा टेकडी कुठं म्हणून इकडंतिकडं पाहू लागला.

ती मात्र वळली. हातातली जुडी तशीच धरून झटकन वळली, टेम्पो बघितला आणि बाजूला झाली. टेम्पो ती उभी होती तिथवर मागं आला, कोथिंबिरीची टोपली चेपली आणि थांबला.

मी पिशव्या खाली ठेवल्या. ती रस्त्यापलीकडून माझ्याकडं बघत होती आणि हात हलवून विचारत होती, पुढं? अर्धा सोडलेला उखाणा तिला आवडत नाही. म्हणून मी तिथंच, चेपलेल्या टोपलीवरून भांडणाऱ्या बाईसमोर आणि खाली उतरलेल्या ड्रायव्हरसमोर, पाणी वळवलं, नाव घेतलं, साऱ्यांना कळवलं.

परत येताना रिक्षात मी तिचा हात सोडला नाही. मग विचारलं, "नाव तर अजून आलंच नव्हतं. तू वळलीस कशी?"

"कसं म्हणजे?" तिला प्रश्नच कळला नाही. ती कोथिंबिरीची माती झाडत होती. "माझं नाव टेकडीपासनं सुरू होतंय की."